शेजाऱ्यांचे डॉलर कुठे आटले? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

कोविडच्या साथीने भारताच्या शेजारी देशांच्या अर्थव्यवस्थांवर काय परिणाम केला, यावर या अंकासाठी प्रश्न मागवले होते. निम्म्याहून अधिक पत्रं श्रीलंकेबद्दल आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि नावांऐवजी फक्त गावं दिली आहेत.

श्रीलंकेत २०२० साली कोविडचे मृत्यू अगदी कमी होते. तरी दोन वर्षांत देशाचं दिवाळं निघालं आणि बांगलादेश, नेपाळ तरले. साथीचा याच्याशी खरंच संबंध आहे, की सगळं खापर राजपक्षे सरकारवर फोडायचं? (पुणे)

संबंध आहे, पण तो रुग्णालयांच्या वाटेने आला नाही. २०२०च्या अखेरीस श्रीलंकेतले कोविडमृत्यू दोनशेच्या आसपास होते. पण लंडन, मॉस्को, मुंबईची विमानंच बंद असतील तर कोलंबोत साथ किती आटोक्यात आहे याने काही फरक पडत नाही. २०१८ साली श्रीलंकेत २३ लाख पर्यटक आले आणि सुमारे ४.४ अब्ज डॉलर ठेवून गेले. २०१९च्या ईस्टर रविवारच्या बॉम्बस्फोटांनंतर ही कमाई ३.६ अब्जांवर उतरली. २०२० साली ती जेमतेम ६८ कोटी डॉलर आणि २०२१ साली ५० कोटी झाली. २०१९ची पातळी धरली तरी दोन वर्षांत सहा अब्ज डॉलर आलेच नाहीत. २०१९च्या अखेरीस देशाचा सगळा परकीय चलनसाठा होता ७.६ अब्ज.

खर्चाच्या बाजूला गोष्ट आणखी वाईट होती. श्रीलंकेने २००७पासून आंतरराष्ट्रीय बाजारात डॉलरचे रोखे विकून कर्ज उभारलं. जागतिक बँकेच्या किंवा जपानच्या कर्जासारखं हे तीस वर्षांत हळूहळू फिटत नाही. मुदत साधारण पाच ते दहा वर्षं, आणि ती संपली की मुद्दल एकरकमी द्यायची. अशी कर्जं नवा रोखा विकून जुना फेडत चालतात. बाजाराने दार लावलं की सगळं थांबतं. शेवटचा रोखा जून २०१९मध्ये विकला गेला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नव्या राजपक्षे सरकारने मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणला. शिवाय नोंदणीची मर्यादा वर्षाला १.२ कोटी रुपयांच्या उलाढालीवरून थेट ३० कोटींवर नेली, त्यामुळे हजारो करदाते एका फटक्यात यादीबाहेर गेले. तीन महिन्यांनी साथ आली. सप्टेंबर २०२०मध्ये मूडीज या संस्थेने देशाचं पतमानांकन, म्हणजे कर्ज फेडण्याच्या क्षमतेचा दर्जा, दोन पायऱ्या खाली आणून ‘सीएए१’ केलं आणि रोखेबाजाराचं दार बंद झालं.

बांगलादेशाने आणि नेपाळने असे आंतरराष्ट्रीय रोखे विकलेलेच नव्हते. त्यांचं परकीय कर्ज मुख्यतः जागतिक बँक, आशियाई विकास बँक आणि जपानसारख्या देशांचं, कमी व्याजाचं आणि लांब मुदतीचं. साथीच्या वर्षात त्यांच्या दारात एकरकमी मुद्दल मागायला कोणी उभं नव्हतं. या देशांमधला सगळ्यात मोठा फरक आमच्या मते हाच.

खापराबद्दल विचारलंत म्हणून सांगतो. साथ आली नसती तरी श्रीलंका अडचणीत आली असती, पण इतक्या वेगाने नाही. आणि साथ आल्यानंतरही हातात दीड वर्ष होतं. ऑक्टोबर २०२०मध्ये एक अब्ज, जुलै २०२१मध्ये एक अब्ज आणि जानेवारी २०२२मध्ये ५० कोटी डॉलरचे रोखे कोलंबोने वेळेवर फेडले. ‘आम्ही कधीच हप्ता चुकवला नाही’ हा अभिमान राखायला औषधं, गॅस आणि इंधनाचे डॉलर गेले. एप्रिल-मे २०२१मध्ये रासायनिक खतांवर घातलेली बंदी त्याच काळातली. ती नोव्हेंबरमध्ये मागे घेतली, पण तोवर भाताचा हंगाम बसला होता आणि तांदूळ आयात करायलाही डॉलर लागले. अखेर १२ एप्रिल २०२२ रोजी परकीय कर्जफेड थांबवल्याची घोषणा झाली.

वर्तमानपत्रात ‘परकीय चलनसाठा इतके अब्ज डॉलर’ असं येतं. हा आकडा चांगला की वाईट हे ओळखायचं कसं? (लातूर)

नुसत्या आकड्यावर जाऊ नका. आधी त्याला महिन्याच्या आयातखर्चाने भागा. तीन महिन्यांची आयात भागेल इतका साठा हवा, असा जुना ठोकताळा आहे. श्रीलंकेची २०२१ची माल-आयात सुमारे २०.६ अब्ज डॉलर होती, म्हणजे महिन्याला १.७ अब्ज. डिसेंबर २०२१चा साठा ३.१ अब्ज. भागाकार येतो १.८ महिने.

मग त्या साठ्यातलं वापरता येण्याजोगं किती ते पाहा. त्या ३.१ अब्जांत चीनच्या मध्यवर्ती बँकेशी केलेल्या चलन-अदलाबदलीचे (ठराविक मुदतीसाठी एकमेकांना चलन देण्याच्या कराराचे) दीड अब्ज होते आणि ते वापरण्याची अट अशी की आधीच तीन महिन्यांच्या आयातीइतका साठा असला पाहिजे. साठा कमी म्हणून पैसे हवेत, आणि साठा कमी म्हणूनच ते वापरता येत नाहीत. ही रक्कम वगळली तर उरतो एका महिन्याहून कमी. मे २०२२मध्ये अर्थमंत्र्यांनीच सांगितलं की वापरण्याजोगा साठा पाच कोटी डॉलरच्याही खाली गेला आहे.

बांगलादेशाची तऱ्हा वेगळी. तिथल्या मध्यवर्ती बँकेने साठ्यातूनच निर्यातदारांना डॉलरमध्ये कर्ज देणारा निधी चालवला. एप्रिल २०२०मध्ये मदत म्हणून तो साडेतीन अब्जांवरून पाच अब्जांवर नेला, पुढे सात अब्जांवर. कारखानदारांना दिलेला हा पैसाही ‘साठा’ म्हणून मोजला जात होता. नाणेनिधीच्या आग्रहानंतर जुलै २०२३मध्ये नव्या पद्धतीने आकडा जाहीर झाला तेव्हा जुन्या मोजणीतले सुमारे ३० अब्ज नव्या मोजणीत २३.६ अब्ज भरले.

शेवटी, पुढच्या बारा महिन्यांत किती परकीय मुद्दल आणि व्याज द्यायचं आहे तो आकडा शेजारी ठेवा. बातमीत तो क्वचितच असतो, पण मध्यवर्ती बँकेच्या वार्षिक अहवालात सापडतो.

आखातातल्या नोकऱ्या गेल्या, माणसं विमानांनी परत आणली. आमच्या तालुक्यातच किती जण परतले. मग २०२० साली बांगलादेशात आणि पाकिस्तानात परदेशातून येणारा पैसा वाढला कसा? (खेड, रत्नागिरी)

तज्ज्ञही इथे चुकले होते. एप्रिल २०२०मध्ये जागतिक बँकेने अंदाज दिला की गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांकडे येणारा हा पैसा सुमारे २० टक्क्यांनी घटेल. घट निघाली दोन टक्क्यांहूनही कमी, आणि दक्षिण आशियात तर पाच टक्क्यांनी वाढ झाली. बांगलादेशात २०१९-२०च्या आर्थिक वर्षात १८.२ अब्ज डॉलर आले होते, २०२०-२१मध्ये २४.८ अब्ज आले.

यातला मोठा भाग नवा पैसा नव्हता. वाट बदलली होती. हुंडीचा व्यवहार असा चालतो: दुबईतला कामगार एजंटाला दिरहम देतो, एजंटाचा माणूस त्याच्या घरी टाका, म्हणजे बांगलादेशी चलन, पोचवतो, आणि ते दिरहम आखातातच राहतात. त्यांना गिऱ्हाईक असतं: आयातीची किंमत कागदावर कमी दाखवून उरलेले पैसे गुपचूप देणारा व्यापारी, सोनं आणणारा, पैसा बाहेर नेणारा. २०२०च्या उन्हाळ्यात विमानं बंद, व्यापार ठप्प, सोन्याची ने-आण थांबलेली. हुंडीवाल्याच्या परकीय चलनाला गिऱ्हाईकच उरलं नाही. त्यात बांगलादेश सरकार बँकेतून आलेल्या रकमेवर जुलै २०१९पासून दोन टक्के वर देत होतं. म्हणून पैसा बँकेतून आला आणि प्रथमच नीट मोजला गेला. शिवाय नोकरी सुटून परतणाऱ्यांनी साठवलेलं सगळं एकदम पाठवलं आणि घरच्या अडचणीमुळे नोकरी टिकलेल्यांनीही हात सैल सोडला.

त्यामुळे २०२१मध्ये व्यापार पूर्ववत झाल्यावर हा ओघ ओसरणार, हे उघड होतं. २०२१-२२मध्ये बांगलादेशाकडे २१ अब्ज आले. श्रीलंकेत तर २०२०चे ७.१ अब्ज २०२१मध्ये ५.५ आणि २०२२मध्ये ३.८ अब्जांवर आले. कारण साध्या हिशोबाचं आहे. सरकारने डॉलर २०३ रुपयांवर बांधून ठेवला होता आणि बाहेर २४५च्या आसपास भाव मिळत होता. महिन्याला ५०० डॉलर पाठवणाऱ्याच्या घरी बँकेतून १,०१,५०० रुपये पडणार, हुंडीतून १,२२,५००. महिन्याला २१ हजारांचा फरक कोण सोडेल? मध्यवर्ती बँकेने डिसेंबर २०२१मध्ये डॉलरमागे एकूण दहा रुपये प्रोत्साहन दिलं. चाळीस रुपयांची दरी दहा रुपयांनी बुजत नाही. मार्च २०२२मध्ये दर मोकळा सोडला तोवर उशीर झाला होता, आणि दोन महिन्यांत डॉलर ३६०च्या घरात गेला.

युरोप-अमेरिकेतल्या ब्रँडनी २०२०मध्ये बांगलादेशातल्या ऑर्डरी रद्द केल्या असं वाचलं. ऑर्डर रद्द झाली तर माल दुसऱ्याला विकता येतो ना? कारखानदार एवढे अडकले कसे? आम्ही कापड धंद्यातलेच, म्हणून नेमकं सांगा. (इचलकरंजी)

तुमच्याकडे यंत्रमागावर कापड अंगावर पडलं तर भाव पाडून का होईना, ते बाजारात निघतं. ढाक्याजवळच्या गाझीपूरमधल्या शर्टाच्या कारखान्याला ती सोय नव्हती. त्याची साखळी अशी.

परदेशी खरेदीदार ऑर्डर देतो. पूर्वी तो आपल्या बँकेची एलसी, म्हणजे पैसे देण्याची लेखी हमी, देई. आता बहुतेक मोठे ब्रँड एलसीऐवजी नुसता विक्रीकरार करतात आणि माल जहाजावर चढल्यावर ६०, ९०, कधी १२० दिवसांनी पैसे देतात. म्हणजे बँकेची हमी गेली आणि उधारी वाढली. त्या ऑर्डरीच्या जोरावर कारखान्याची स्थानिक बँक कापड आणि साहित्य मागवायला दुसरी एलसी उघडते. तिला तिथे ‘बॅक-टू-बॅक’ म्हणतात आणि ती ऑर्डरीच्या रकमेच्या मोठ्या हिश्शाइतकी असू शकते. कापड चीनमधून येतं आणि त्याचे पैसे बँक ठरलेल्या मुदतीला देते. ब्रँडने ऑर्डर रद्द केली तरी ही दुसरी एलसी रद्द होत नाही. मुदत आली की बँक चीनच्या गिरणीला पैसे चुकते करते आणि तेवढी रक्कम कारखान्याच्या नावावर सक्तीचं कर्ज म्हणून टाकते. व्याज सुरू.

आता माल विकायचं म्हणाल तर कापड बाँडेड गोदामातून, म्हणजे निर्यातीच्या अटीवर बिनशुल्क आलेलं. ते देशात विकायचं तर आयातशुल्क भरा. शिवून झालेल्या शर्टावर ब्रँडचं नाव, त्यांचंच डिझाइन, त्यांचं लेबल. ते परवानगीशिवाय कुणाला विकता येत नाही. आणि मार्चमध्ये रद्द झालेला वसंत-उन्हाळ्याचा माल ऑक्टोबरमध्ये कोण घेणार?

करारांत ‘अपरिहार्य आपत्ती’चं कलम होतं. ते दोन्ही बाजूंना लागू असायला हवं, पण ब्रँडनी ते एकतर्फी वापरलं. मार्च २०२०मध्ये पेन स्टेट विद्यापीठाच्या एका केंद्राने बांगलादेशी पुरवठादारांची पाहणी केली. ऑर्डरी रद्द करणाऱ्यांपैकी सुमारे ७२ टक्के खरेदीदारांनी आधीच घेतलेल्या कच्च्या मालाचे पैसे द्यायला नकार दिला होता आणि ९१ टक्क्यांनी कापणी-शिलाईचा खर्च नाकारला होता. कारखानदारांच्या संघटनेने रद्द झालेल्या किंवा थांबवलेल्या ऑर्डरींची बेरीज ३.१८ अब्ज डॉलर सांगितली, ११५० कारखान्यांची. नंतर जाहीर दबावामुळे बऱ्याच ब्रँडनी तयार आणि शिवणीत असलेला माल घ्यायचं कबूल केलं. काहींनी सूट मागूनच. एप्रिल २०२०मध्ये तयार कपड्यांची निर्यात आदल्या एप्रिलच्या २.५ अब्ज डॉलरवरून ३७ कोटींवर आली होती, म्हणजे ८५ टक्के घट.

मजुरीसाठी सरकारने २५ मार्चला ५,००० कोटी टाक्यांचा निधी जाहीर केला. कारखानदाराला ते कर्ज, दोन टक्के सेवाशुल्काने. अट अशी की पैसे थेट कामगाराच्या बँक किंवा मोबाइल खात्यात जावेत. त्यामुळे एप्रिलच्या काही आठवड्यांत बिकॅश, रॉकेट यांसारख्या सेवांवर लाखो खाती उघडली गेली. पूर्वी पाकिटातून रोख पगार घेणाऱ्या बाईच्या नावावर खातं आलं, ही एक बरी गोष्ट त्यातून झाली. बंद काळासाठी मात्र एप्रिलचा पगार ६५ टक्केच ठरला, आणि लहान ठेकेदारी कारखाने, जे संघटनेचे सभासदच नाहीत, ते या निधीपर्यंत पोचले नाहीत. तुमच्या धंद्यात कुणी विक्रीकरारावर, एलसीशिवाय मोठी निर्यात करत असेल, तर ‘रद्द केल्यास कच्चा माल आणि मजुरीचा खर्च खरेदीदाराचा’ हे वाक्य करारात आहे का, एवढं आधी पाहावं.

मालदीव तर निव्वळ पर्यटनावर जगतो. तो श्रीलंकेच्या आधीच बुडायला हवा होता! (पणजी)

आपटला तो श्रीलंकेपेक्षा जोरात. २०२० साली मालदीवचं सकल उत्पन्न सुमारे एक तृतीयांशाने घसरलं. जगातल्या सर्वांत मोठ्या घसरणींपैकी ही एक. पण तिथे एका बेटावर एकच रिसॉर्ट असतं, म्हणजे विलगीकरण आयतंच. २७ मार्चला बंद केलेल्या सीमा १५ जुलैला उघडल्या आणि २०१९मधल्या १७ लाखांवरून साडेपाच लाखांवर आलेले पर्यटक २०२१मध्ये तेरा लाखांवर गेले. त्या वर्षी सर्वाधिक पर्यटक भारतातून आले. गोव्यात किनारा आणि गाव एकमेकांत मिसळलेले आहेत, तिथे ही पद्धत चालली नसती.

मधल्या काळात भारताने २०२०मध्ये २५ कोटी डॉलरची मदत केली. स्टेट बँकेने मालदीव सरकारचे रोखे विकत घेतले. उत्पन्न घटल्यामुळे आणि कर्ज वाढल्यामुळे सरकारी कर्ज सकल उत्पन्नाच्या जवळपास दीडपट झालं, आणि ते ओझं अजून उतरलेलं नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये भारताला पुन्हा ४० कोटी डॉलर आणि ३,००० कोटी रुपयांची चलन-अदलाबदल द्यावी लागली ती यामुळेच.

नेपाळी रुपया का कोसळला नाही? (नागपूर)

तो १९९३पासून भारतीय रुपयाला बांधलेला आहे: १०० भारतीय रुपये म्हणजे १६० नेपाळी. भारतीय रुपया जेवढा घसरतो तेवढाच तोही डॉलरसमोर घसरतो. नेपाळची सर्वाधिक आयात भारतातून असते, आणि त्यासाठी नेपाळची मध्यवर्ती बँक, म्हणजे राष्ट्र बँक, डॉलर विकून भारतीय रुपये घेते. हा दर टिकवायचा तर डॉलर संपून चालत नाहीत. साथीनंतर आयात उसळली, साठा वर्षभरात ११.७ अब्जांवरून साडेनऊ अब्जांवर आला, तेव्हा दर बदलण्याऐवजी सरकारने आयातच अडवली. एप्रिल २०२२मध्ये मोटारी, महागडे मोबाइल, मद्य, हिरे, खेळणी, पत्त्यांचे जोड आणि चिप्सची पाकिटं यांवर बंदी आली, ती डिसेंबरात उठली. बंदीचा एक दुष्परिणाम लगेच दिसला: नेपाळ सरकारचा बराचसा महसूल सीमेवरच्या शुल्कातून येतो, तो आटला.

श्रीमंत देशांनी २०२०मध्ये गरीब देशांचे कर्जहप्ते थांबवले होते ना? मग एवढा गाजावाजा करूनही उपयोग का झाला नाही? (संभाजीनगर)

योजना जी-२० देशांची, मे २०२० ते डिसेंबर २०२१. पात्र देश ७३, सहभागी ४८, आणि थांबवलेली रक्कम सुमारे १२.९ अब्ज डॉलर. तीन अडचणी होत्या.

पहिली, हे हप्ते माफ झाले नाहीत, पुढे ढकलले गेले. ते चार ते सहा वर्षांत व्याजासह फेडायचे होते. दुसरी, फक्त सरकारांनी दिलेलं कर्ज यात होतं. खासगी रोखेधारकांना विनंती करण्यात आली आणि ती जवळपास सगळ्यांनी ऐकून सोडून दिली. आफ्रिकेतल्या झांबियाने रोखेधारकांकडे सहा महिन्यांची सवलत मागितली. चीनच्या कर्जाचा हिशोब आम्हाला दिसत नाही, आम्ही सोडलेल्या पैशांतून चीनचेच हप्ते जातील, असं म्हणत त्यांनी नकार दिला. १३ नोव्हेंबर २०२० रोजी ४.२५ कोटी डॉलरचं व्याज चुकवून झांबिया थकबाकीदार झाला.

तिसरी अडचण पतमानांकनाची. नुसता अर्ज केला म्हणून मूडीजने पाकिस्तान, इथिओपिया यांसारख्या देशांचं मानांकन फेरतपासणीला घेतलं. पाकिस्तान आणि मालदीव तरीही योजनेत गेले, बांगलादेश लांब राहिला. श्रीलंका पात्रच नव्हता, म्हणजे शेजाऱ्यांत ज्याला सर्वांत आधी गरज पडली तो यादीबाहेर.

त्यापेक्षा ऑगस्ट २०२१मधलं नाणेनिधीचं वाटप मोठं होतं: ६५० अब्ज डॉलर किमतीचे विशेष आहरण हक्क, म्हणजे देशाच्या साठ्यात जमा होणारं आणि डॉलरमध्ये बदलून घेता येणारं निधीचं हिशोबी चलन. पण ते प्रत्येक देशाच्या निधीतल्या वाट्यानुसार मिळतात. त्यामुळे विकसनशील देशांकडे २७५ अब्ज आले आणि उरलेले ज्यांना गरज नव्हती त्यांच्याकडे गेले. श्रीलंकेला यातून ७८ कोटी मिळाले.

श्रीलंकेचं कर्ज नेमकं कसं ‘सोडवलं’? आणि भार कोणी उचलला? (ठाणे)

क्रम समजला की बातम्या वाचायला सोप्या जातात. आधी नाणेनिधीच्या अधिकाऱ्यांशी करार होतो. श्रीलंकेचा १ सप्टेंबर २०२२ला झाला. पण निधीचं कार्यकारी मंडळ पैसे सोडत नाही, जोवर मोठे सरकारी सावकार ‘आम्ही सवलत देऊ’ असं लेखी आश्वासन देत नाहीत. भारताने ते जानेवारी २०२३मध्ये सर्वांत आधी दिलं. चीनकडून हवं तसं पत्र यायला मार्च उजाडला. मग २० मार्च २०२३ला सुमारे तीन अब्जांचा कार्यक्रम मंजूर झाला आणि पहिला हप्ता होता ३३ कोटी डॉलर. लोकांना वाटतं तीन अब्ज एकदम मिळतात, तसं नसतं. दर सहा महिन्यांनी तपासणी होते आणि ती उत्तीर्ण झाली तर पुढचा हप्ता मिळतो.

त्यानंतर सावकारांशी अटी ठरतात. भारत, जपान आणि फ्रान्स यांच्या नेतृत्वाखालच्या समितीशी २६ जून २०२४ला ५.८ अब्जांचा करार झाला, चीनच्या एक्झिम बँकेशी त्याच दिवशी वेगळा. यांनी मुद्दल कापलं नाही. मुदत २०४३पर्यंत नेली आणि व्याज उतरवलं. रोखेधारकांशी अदलाबदल डिसेंबर २०२४मध्ये झाली. त्यांनी मुद्दलात सुमारे २७ टक्के काट सोसली, पण अट घातली की देशाचं उत्पन्न अपेक्षेपेक्षा वाढलं तर आम्हाला जास्त मिळावं. थकबाकीदार झाल्यापासून हे उरकायला अडीच वर्षं लागली.

भार कोणी उचलला, या प्रश्नाचं उत्तर मात्र कोलंबोतल्या पगारदाराकडे आहे. २०२३मध्ये देशांतर्गत कर्जाची फेररचना झाली तेव्हा बँकांना वगळलं, ठेवीदार घाबरतील म्हणून. कर्मचाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधीला मात्र जुने रोखे देऊन नवे घ्यावे लागले: सुरुवातीला १२ टक्के, पुढे मुदतभर ९ टक्के व्याज. नाही म्हटलं तर निधीच्या उत्पन्नावरचा कर १४ वरून ३० टक्के. नावाला ऐच्छिक! सप्टेंबर २०२२मध्ये महागाई ७० टक्क्यांना टेकली होती, म्हणजे त्या निधीची खरी किंमत आधीच झिजली होती. त्यावर वीजदर ऑगस्ट २०२२मध्ये ७५ टक्के आणि फेब्रुवारी २०२३मध्ये ६६ टक्के वाढले आणि मूल्यवर्धित कर टप्प्याटप्प्याने ८ वरून १८ टक्क्यांवर गेला. २०१९मध्ये ज्या करसवलतीने सुरुवात झाली, ती सर्वाधिक मिळाली होती मोठ्या उत्पन्नवाल्यांना.

आमची संत्री बांगलादेशात जायची. कोविडनंतर तिथलं आयातशुल्क वाढत गेलं आणि माल इथेच पडून भाव पडला. हे कोविडमुळे की भारताशी वाद म्हणून? आता काय पाहून सौदा करावा? (वरूड, अमरावती)

कांद्यामुळे कटुता आली होती, हे खरं. १४ सप्टेंबर २०२०ला आपण निर्यात अचानक बंद केली आणि गाड्या सीमेवर अडकल्या. पण फळांवरच्या शुल्काचं मुख्य कारण डॉलर आहे. २०२१-२२मध्ये बांगलादेशाचं आयातबिल भडकलं. साथीत थांबलेली मागणी एकदम आली, जहाजभाडं वाढलं, मग युक्रेन युद्धाने इंधन आणि धान्य महागलं. त्याच वर्षी परदेशातून येणारा पैसा घटला. चालू खात्यातली तूट १८ अब्ज डॉलरच्या वर गेली. २०२२च्या सुरुवातीला ८६ टाक्यांना मिळणारा डॉलर वर्षअखेर शंभरी ओलांडून गेला. तेव्हा सरकारने ‘नसलं तरी चालेल’ अशा आयातीची यादी केली आणि त्यात फळं आली. मे २०२२मध्ये फळं, फुलं, सौंदर्यप्रसाधनं, फर्निचर अशा शंभराहून जास्त वस्तूंवर नियामक शुल्क वाढलं. सफरचंद, द्राक्षं, संत्री सगळ्यांवर, कोणत्याही देशातून येवोत. संत्र्यावरचं शुल्क २०२३मध्ये किलोमागे ८८ रुपयांपर्यंत पोचलं.

शुल्काइतकाच दुसरा अडथळा कमी बोलला जातो. जुलै २०२२मध्ये फळांच्या आयातीसाठी एलसी उघडताना पूर्ण रक्कम आधी भरणं सक्तीचं झालं आणि त्या रकमेसाठी बँकेने कर्ज द्यायचं नाही असंही ठरलं. पूर्वी थोडी रक्कम भरून दहा ट्रक मागवणाऱ्याला तेव्हापासून दहाही ट्रकांचे पैसे माल विकण्याच्या आधी अडकवावे लागले. लहान आयातदार बाहेर पडले. उरले ते मोठे, आणि भाव तेच ठरवू लागले.

सौदा करताना हे पाहा. समोरच्याने एलसी उघडली आहे का आणि तिला भारतीय बँकेने दुजोरा दिला आहे का. नुसत्या सीमेवरच्या दलालाच्या शब्दावर उधार माल पाठवत असाल तर टाक्याच्या घसरणीचा धोका शेवटी तुमच्या अंगावर येतो, कारण तो ‘आता भाव कमी घ्या’ असं माल गेल्यावर म्हणतो. निर्यातदारामार्फत पाठवत असाल तर त्याने ईसीजीसीचा, म्हणजे निर्यातीचे पैसे बुडाले तर भरपाई देणाऱ्या सरकारी कंपनीचा, विमा घेतला आहे का ते विचारा. बांगलादेशाचं आर्थिक वर्ष जुलैत सुरू होतं आणि अर्थसंकल्प जूनमध्ये येतो. शुल्कातले बदल बहुधा तेव्हाच होतात. म्हणून आंबिया बहाराचे सौदे त्याआधी पक्के करू नका.

रुपयात व्यवहाराची सोय ११ जुलै २०२३पासून सुरू झाली, भारताकडून स्टेट बँक आणि आयसीआयसीआय यांच्यामार्फत. ती वापरून पाहायला हरकत नाही, पण मर्यादा समजून घ्या. बांगलादेशाकडे रुपये येतात ते भारताला माल विकून, आणि ती विक्री वर्षाला साधारण दोन अब्ज डॉलरची. भारताकडून त्यांची खरेदी त्याच्या कितीतरी पट. त्या दोन अब्जांच्या रुपयांवर आधी कापूस, धान्य आणि यंत्रं मागवणाऱ्यांचा हात पडतो, संत्र्याचा नंबर मागून लागतो.